लेकींचे बोर्डिंग कोणी काढावयाचे?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेलाच असतो: ‘यंदाही मुलींचीच सरशी.’ मथळा खोटा नसतो. वर्षानुवर्षे महाराष्ट्रात दहावीला मुलींच्या उत्तीर्ण होण्याचे प्रमाण मुलांहून अधिक राहिले आहे, व ते पाहून आम्हां मास्तरांचा ऊर भरून येतो हेही खरे. परंतु मथळा छापणाऱ्यांनी आषाढ लागल्यावर एकदा खेड्यांत यावे आणि सरशी करणाऱ्या त्या मुली कोठे आहेत ते पाहावे. कुणब्याची मुलगी निंदणाला गेलेली सापडेल. कोष्ट्याची मुलगी कांड्या भरीत बसलेली सापडेल. कोणी धाकट्या भावास सांभाळते आहे. कोणाच्या घरी पाहुणे येऊन गेले आहेत व बोलणी चालू आहेत. आणि त्याच घरातला मुलगा, जो दोन विषयांत नापास होऊन फेरपरीक्षेस बसला होता, तो मात्र ‘शिकावयास’ नागपुरास खोली करून राहिला आहे!

असे का होते? आमचे लोक मुलींचे वैरी आहेत काय? मुळीच नाही. आम्ही वीस वर्षे खेड्यातल्या शाळेत शिकवीत आहोत. मुलीच्या पहिल्या नंबराचे पेढे वाटताना डोळे पुसणारे बाप आम्ही पाहिले आहेत. पण त्याच बापाजवळ बसून पुढच्या शिक्षणाची गोष्ट काढली की तो म्हणतो, “गुरुजी, पोरगी हुशार हाय, मले का समजत नाही? पण शाळा तालुक्याले, यष्टीचा नेम नाही, अन् तिले तिथं ठेवू कोनापाशी?” वाचकहो, या वाक्यातील शेवटचे दोन शब्द नीट ध्यानात धरा. ठेवू कोनापाशी? बाकीच्या अडचणींना सरकारने, कायद्याने, काळाने थोडीबहुत उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला मात्र उत्तर मिळालेले नाही, आणि ते देण्याचे काम आपले होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपले म्हणण्याचे कारण असे की, हाच प्रश्न शंभर वर्षांमागे मुलांच्या बाबतीत उभा होता, व तो आपल्याच चळवळीने सोडविला. खेड्यातला कुणब्याचा, धनगराचा, तेल्याचा मुलगा शहरात जाऊन शिकेल, पण राहील कोठे, खाईल काय? वाड्यांतील दारे त्याला बंद होती. तेव्हा शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरास व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, व मग एकामागून एक जातीजातीची बोर्डिंगे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू केले. आमच्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले. बहुजनांत आज जे डॉक्टर, वकील, मामलेदार दिसतात, त्यांचे आजे-पणजे शिकले ते नुसत्या शाळेमुळे नव्हे. शाळा पुष्कळ होत्या. ते शिकले, कारण गावाबाहेर त्यांना निजावयास सतरंजी व ताटात भाकरी मिळाली.

आणि ती भाकरी कोणाच्या जिवावर मिळाली? साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले, ही हकीकत महाराष्ट्रातल्या लहान पोरासही ठाऊक आहे. भाषणांत ती सांगून टाळ्या घेणारे पुढारीही पुष्कळ आहेत. पण त्यांनी कधी हिशेब केला आहे काय, की त्या मंगळसूत्रावर जेवून मोठे झालेल्या मुलांनी व त्यांच्या मुलांनी आपल्या लेकींकरिता किती बोर्डिंगे काढली? अजिबात निघाली नाहीत असे आम्ही म्हणत नाही. निघाली ती मागाहून, थोडी, आणि बहुतेक मोठ्या शहरांत. बाईच्या गळ्यातले काढून मुलगे शिकले. ते ऋण लेकींना अद्याप परत गेलेले नाही.

कोणी म्हणेल, त्या काळी मुलींचे शिक्षण ही कल्पनाच नवी होती. नागपूरकरांनी तरी असे म्हणू नये. सीताबर्डीच्या किल्ल्यालगत जे रेल्वेचे स्टेशन आहे, तेथे रोज हजारो माणसे चढतात-उतरतात; त्यांतल्या कितीजणांस जाईबाई चौधरी हे नाव ठाऊक असेल? या बाईंचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा, महार कुटुंबातला. लग्न लहानपणीच झालेले. घरची गरिबी अशी की बाई हमाली करीत. नागपुराहून कामठीपर्यंत लोकांची ओझी डोक्यावर वाहून नेत. हे अंतर दहा मैलांच्या आसपासचे आहे. मोकळ्या हाताने चालून पाहा, म्हणजे ओझे घेऊन चालणे काय असेल ते कळेल. मिस ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंना समजले की ही हमालीण लिहू-वाचू जाणते. त्यांनी तिला महिना ४ रुपयांवर शाळेत शिक्षिका नेमिले. तेव्हा शाळेत मुले पाठविणाऱ्या स्पृश्य आईबापांनी गिल्ला केला की अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकविणार नाही, आणि जाईबाईंची नोकरी गेली. हे आईबाप कोणत्या जातीचे होते ते आपण फार खोदून विचारू नये. उत्तर आपल्याही ओसरीवर येऊन बसेल.

नोकरी गेल्यावर दुसरी बाई पुन्हा डोक्यावर ओझे घेती. जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. याच्या आधीपासून, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे मुलींच्या शिक्षणाकरिता खटपट करीत होते, व त्यांच्या पत्नी तुळसाबाई त्या कामात बरोबरीने राबत होत्या. ही सारी माणसे पोटाला चिमटा घेऊन जगणारी होती. त्यांच्यामागे ना संस्थान, ना सावकार. मुलींचे हक्क म्हणून आज जे बोलले जाते, त्याचा पाया आमच्या नागपुरात परिषदांच्या मंडपात घातला गेला नाही. तो ओझे वाहणाऱ्या बाईने घातला.

मंडपात काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९३७ सालच्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले. देशभरच्या सुशिक्षित स्त्रिया आल्या होत्या, स्त्रियांच्या उन्नतीचे ठराव होत होते. जाईबाई तेथे गेल्या. आणि जेवणाच्या वेळी त्यांना निराळे बसविण्यात आले. ठरावात सर्व स्त्रिया एक, पंक्तीत वेगळ्या! दलित स्त्रिया हा अपमान गिळून बसल्या नाहीत. १९३८ सालच्या १ जानेवारीस त्यांनी स्वतःची सभा भरवून जाहीर निषेध केला. ही गोष्ट आम्ही येथे जुने खरकटे उकरण्याकरिता सांगत नाही. पुढे जी सूचना आम्ही करणार आहोत, तिच्याशी या पंक्तीचा संबंध आहे.

मग १९४२ सालचा जुलै महिना आला. १८ ते २० जुलै या दिवसांत नागपुरास अखिल भारतीय दलितवर्गाची परिषद झाली, व २० तारखेस स्त्रियांची परिषद झाली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. गिरणीतल्या, विडीच्या कामावरच्या, शेतातल्या. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना सांगितले की समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, आणि मुलांच्या लग्नाची घाई करू नका. पण आम्हांस त्या परिषदेत भाषणांपेक्षा ठराव अधिक मोलाचे वाटतात. घटस्फोटाचा हक्क हवा. एका नवऱ्याला अनेक बायका करण्याची मुभा नको. गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच नेमावी. प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे. आणि सरकारच्या खर्चाने मुलींची वसतिगृहे काढावीत. पाहा, शाळांच्या जोडीला त्यांनी वसतिगृहे मागितली! ज्या बाईने आपले मूल घरी एकटे टाकून गिरणीचा भोंगा गाठला आहे, तिला अचूक ठाऊक असते की मुलीचे शिक्षण फळ्यावर अडत नाही, ते बिऱ्हाडावर अडते. ‘ठेवू कोनापाशी’ हा आमच्या गावकऱ्याचा प्रश्न त्या बायांनी तेव्हाच ओळखला होता व उत्तरही मागितले होते.

आता सरकारने काय केले ते पाहू. काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून अंमलात आहे. त्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. बरे, आठवीनंतर? कायदा सहा ते चौदा वर्षे वयापुरताच आहे. चौदा सरली की मुलगी कायद्याच्या छत्रीबाहेर. इकडे लग्नाचे कायदेशीर वय अठरा. म्हणजे चौदा ते अठरा ही चार वर्षे अशी राहिली की, त्यांत मुलीला शाळेत बसविण्यास कोणी बांधलेला नाही आणि तिचे लग्न करण्यास कायद्याची बंदी आहे. ही चार वर्षे मोकळी सोडलेली बैलजोडी आहे. ज्याला हवी तो ती आपल्या कामाला जुंपतो. बाप वेचणीला जुंपतो, आई चुलीला, नातेवाईक बोहल्यावर. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे निघाले की महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींचे लग्न अठरापूर्वीच झाले होते. जवळजवळ पाचात एक! शाहू-फुल्यांचे नाव रात्रंदिवस घेणाऱ्या महाराष्ट्रात!

त्यातून जवळच्या शाळाही टिकतात असे नाही. २०१७ साली राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळेत घालण्याचे ठरविले. कागदावर पट कमी दिसतो; पण त्या दहांतल्या पाच मुली असतील तर शेजारच्या गावी त्यांतल्या किती जातील, हे साहेबांच्या टेबलावरून दिसत नाही. नाल्याला पूर आला की मुलाला खांद्यावर घेऊन पलीकडे नेणारा बाप मुलीला म्हणतो, आज राहू दे.

पैशाचा ओघ कोठे गेला, तीही मौज ऐका. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही योजना २०१५ साली निघाली. २०१६ ते २०१९ या काळात राज्यांना जे ४४६.७२ कोटी रुपये सुटले, त्यांतले शेकडा ७८.९१ केवळ प्रसिद्धीवर खर्च झाले, असे संसदेच्या समितीनेच नमूद केले आहे. म्हणजे शंभरातले एकोणऐंशी रुपये फलकांवर गेले! मुलगी फलकावर हसते आहे, आणि फलकाखाली उभी राहून खरी मुलगी यष्टीची वाट पाहते आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठविणाऱ्या बापास दरमहा १ रुपया दंड ठेविला होता. त्या काळचा रुपया बापाच्या कमरेला झोंबत असे. आमच्या राज्याने १९९२ साली गरीब घरच्या लहान मुलींना हजेरीबद्दल रोजचा १ रुपया देऊ केला, आणि पुढे कित्येक वर्षे तो एक रुपयाच राहिला. महाराजांचा रुपया मोठा की लोकशाहीचा, हे वाचकांनीच ठरवावे.

यष्टीची गोष्ट मात्र चांगली आहे, ती चांगली म्हणूनच सांगू. खेड्यातल्या मुलींना शाळेकरिता अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने मोफत पास मिळतो. शिवाय मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या २०११-१२ पासून राज्याच्या १२५ मागास तालुक्यांत मुलींची ने-आण करू लागल्या. ज्या गावाला अशी गाडी नियमाने येते, तेथे नववी-दहावीत मुली टिकतात, हा आमच्या डोळ्यांसमोरचा अनुभव आहे. पण गाडी बिघडली, वेळ बदलली, फेरी रद्द झाली की सारे कोलमडते. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास यष्टीच्या कामगारांचा संप सुरू झाला तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. कामगारांचे दुःख खरे होते, त्याविषयी आम्ही वावगे बोलणार नाही. पण कोरोनाने दीड वर्ष बंद पडलेल्या शाळा कोठे उघडत होत्या तोच हा संप आला, आणि कितीतरी मुलींची दप्तरे त्या हिवाळ्यात खुंटीला लागली ती पुन्हा उतरली नाहीत. ज्या मुलांच्या खोल्या तालुक्याला होत्या, त्यांचे शिक्षण चालू राहिले. यष्टीवर टांगलेले शिक्षण आणि छपराखालचे शिक्षण यांतला भेद तेव्हा उघडा पडला.

वसतिगृहांविषयीही सरकार हलले नाही असे नाही. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये २००४ पासून आहेत. समाजकल्याणाची व आदिवासी विभागाची वसतिगृहे आहेत. इतर मागासवर्गाच्या विद्यार्थ्यांकरिता जिल्ह्यागणिक मुलांचे एक व मुलींचे एक, अशी ७२ वसतिगृहे मंजूर झाली, व बराच काळ रेंगाळून त्यांतली काही २०२४ साली भाड्याच्या इमारतींत सुरू झाली. त्याच वर्षापासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना धंदेशिक्षणाची फीही माफ झाली. उत्तम! पण ही ७२ वसतिगृहे बारावीपुढच्या शिक्षणाकरिता, आणि फीमाफीही बारावीपुढची. नववीला जी मुलगी गळाली, तिला बारावीपुढच्या फीमाफीचा काय उपयोग? माडी बांधून ठेवली आणि जिना मध्येच चार पायऱ्या तोडला, अशातला हा प्रकार आहे.

आम्ही शाळेच्या कामाकरिता महिन्या-दोन महिन्यांनी सीताबर्डीस येतो. बर्डीच्या मेन रोडवर कापडाच्या, चपलांच्या, बांगड्यांच्या दुकानांत उभ्या असलेल्या मुलींकडे आमचे लक्ष जाते, कारण त्यांतल्या कोणी कोणी ‘गुरुजी!’ म्हणून हाक मारतात. ज्या मुलीने वर्गात पहिला नंबर काढला होता ती आता सकाळपासून रात्रीपर्यंत उभी राहून साड्यांच्या घड्या मोडते व पुन्हा घालते. कष्टाची लाज नाही. कष्ट करणाऱ्यांच्या घरीच आम्ही जन्मलो. पण आम्ही एकीला विचारले, “राहतेस कोठे?” तर म्हणाली, “आम्ही चौघी जनी खोली करून राहतो जी.” आम्ही थक्क झालो. हिचा बाप दोन वर्षांमागे आम्हांस म्हणत होता, तिले ठेवू कोनापाशी! शिकण्याकरिता ठेवावयास जागा सापडत नव्हती, पगाराकरिता सापडली. चार मुली, एक खोली, भाडे वाटून घेतलेले. हेच जर नववीला तालुक्याच्या गावी केले असते, तर?

आता बाप म्हणतील की खोलीचे भाडे, धान्य, तेल-मीठ आणावे कोठून? कपाशीला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेले. खरे आहे. पण बंधूंनो, एक कडू गोष्ट सांगतो, राग मानू नका. १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली साऱ्या देशाने कायदा करून वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. बाप आधी वारला असला तरी तो हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. मग गावोगावी काय घडते? बाप गेला की भाऊ बहिणीला माहेरी बोलावितो, साडी-चोळी करतो, आणि निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतो. बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. म्हणजे दोन-तीन एकर जमीन तिने एका लुगड्यात सोडून दिली! आम्ही येथे वाटणीचा वाद घालीत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा, आणि त्यावर स्वतंत्र लिहावयास हवे. आम्ही इतकेच म्हणतो की, जी मुलगी उद्या एवढा वाटा सोडून देणार असे तुम्ही मनात धरून बसला आहात, तिच्या वाट्याचा चार वर्षांचा कापूस तरी तिच्या शिक्षणास लावा. तिच्यावर खर्च होतो असे म्हणू नका. ती स्वतःच्या पैशाने शिकते आहे.

दुसरा आक्षेप अब्रूचा. मुलगी परगावी राहिली आणि काही बरेवाईट झाले तर? ही भीती पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. वसतिगृहांत, आश्रमशाळांत वाईट प्रकार घडलेले आहेत, व ते घडले ते बहुधा जेथे बाहेरच्या कोणाची नजर पोचत नव्हती तेथेच. परंतु सोळाव्या वर्षी अनोळखी घरात, अनोळखी माणसाच्या हाती मुलगी दिली की अब्रू सुरक्षित झाली, हे कोणी सांगितले? कोवळ्या वयाचे बाळंतपण, अशक्त मूल, आणि काही बिनसले तर हातात ना शिक्षण ना धंदा. ही सुरक्षितता म्हणावयाची काय? तेव्हा भीतीवर उपाय म्हणजे मुलीला घरी कोंडणे नव्हे, तर तिच्या राहण्याच्या जागेवर आपल्याच आयाबहिणींची नजर ठेवणे.

सबब आमची सूचना अशी. सरकारकडे तालुकानिहाय मुलींच्या वसतिगृहाची मागणी चालू राहिलीच पाहिजे. पण तिची वाट पाहत आणखी एक पिढी बसवून ठेवू नये. जवळच्या चार-पाच गावांनी मिळून तालुक्याच्या गावी शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक घर भाड्याने घ्यावे. आठ-दहा मुली, आणि त्यांच्याजवळ राहावयास आपल्याच गावातली एखादी पोक्त, एकटी बाई. अशा विधवा, टाकलेल्या बाया प्रत्येक गावात आहेत, त्यांनाही मानाची भाकरी मिळेल. धान्याकरिता जुना मुष्टिफंड पुन्हा सुरू करावा. सत्यशोधकांच्या, भाऊरावांच्या काळी घरोघरची बाई दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढी व त्यावर बोर्डिंगे चालत. आज गावोगाव बायांचे बचत गट आहेत; महिन्याच्या महिन्याला पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या बाया एका घराचे भाडे व किराणा सांभाळू शकणार नाहीत, असे म्हणणाऱ्याने आधी ग्रामपंचायतीचे हिशेब पाहून यावे. घराची किल्ली, वही व पैसा बायांच्याच हाती असावा. दर आठवड्यास पाळीने एका मुलीच्या आईने जाऊन मुक्काम करावा. म्हणजे नजरही राहील व भाजीही पोचेल. पुढाऱ्याचे नाव घराला देऊ नये. नाव दिले की भाडे थकते, असा अनुभव आहे.

आणि चूल एकच असावी. येथेच आम्ही सोडून दिलेला धागा पुन्हा हाती घेतो. जाईबाईंना ज्या पंक्तीत वेगळे बसविले, ती पंक्ती आमच्या घरांत आजही मोडलेली नाही. कुणब्याची मुलगी, तेल्याची मुलगी, बौद्ध मुलगी, गोंडाची मुलगी एका घरात राहणार म्हटले की काही आजीबाई नाक मुरडतील, काही पुढारी ‘प्रत्येक समाजाचे वेगळे काढा’ म्हणतील. वेगळी काढू गेल्यास एकाही समाजाचे निघणार नाही, कारण एका गावात एका जातीच्या नववीतल्या मुली असतात तरी किती? लक्ष्मीबाईंनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका चुलीवर रांधून घातले. ते शंभर वर्षांमागे जमले. आज जमणार नसेल तर त्यांच्या तसबिरीस हार घालणे तरी बंद करावे.

लग्नाविषयी दोन शब्द. २००६च्या कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलीचे लग्न लावणारा, जुळविणारा, उत्तेजन देणारा, साराच गुन्हेगार ठरतो. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व लाखापर्यंत दंड आहे. गावात हे थांबविण्याचा अधिकार ग्रामसेवकास आहे, ज्यास आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. १०९८ या क्रमांकावर कोणीही, खुद्द मुलगीही, फोन करू शकते. हे प्रत्येक मुलीस पाठ असावे. आमच्या वर्गात पाढ्यांबरोबर पाठ करून घेतो. परंतु पोलीस मांडवात आले म्हणजे आमचे काम झाले, असे समजणाऱ्या मंडळींशी आमचे पटत नाही. लग्न मोडून मुलगी त्याच घरात, त्याच चुलीपाशी परत बसली, तर आठ दिवसांनी तेच लग्न मामाच्या गावी लागते. लग्न मोडले त्या दिवशी मुलीला न्यावयास एक घर हवे, शाळा हवी. घर असले म्हणजे बहुधा मांडवापर्यंत गोष्ट जातही नाही; शाळेत जाणाऱ्या मुलीला पाहुणे सहसा पाहावयास येत नाहीत.

ग्रामसभा वर्षातून चार वेळा होतेच. १ मेची ग्रामसभा शाळा उघडण्याआधी येते. त्या दिवशी आपल्या गावातून यंदा सातवी, आठवी व दहावी उतरणाऱ्या मुलींची यादी मोठ्याने वाचावी, आणि प्रत्येक नावापुढे जूनमध्ये ती कोठे जाणार ते बापाने सर्वांसमक्ष सांगावे. यादी शाळेत असते. मास्तरांकडे मागा, ते देतील. न दिल्यास त्यांसही सभेत विचारा.

ज्या गावांत अशी एखादी खोली, घर वा मुष्टिफंड आधीच चालू असेल, त्यांनी भाडे किती, धान्य किती लागते, अडचण कोठे आली, हे या पत्राकडे लिहून कळवावे. आमच्या भागातील चार गावांचा खर्चाचा अंदाज आम्ही काढीत आहोत, आणि तुमचे आकडे हाती आले तर मेच्या आत घर पाहता येईल.